दर गुरुवारचा बेरोजगारी दाव्यांचा आकडा: तो कसा वाचायचा, आणि आपल्या घरांना त्याचं काय

गुरुवारी संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला टीव्हीवर आणि मोबाइलवर एक बातमी हमखास फिरते: "अमेरिकेत बेरोजगारी दावे वाढले", नाहीतर "घटले". शेअर बाजारवाले त्यावर तावातावाने बोलतात. ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नोकरीला आहे त्या घरातले लोक मात्र तेवढंच ऐकून काळजीत पडतात. या आकड्यात नेमकं काय मोजलं जातं आणि काय सुटतं, ते पाहू.

अमेरिकेत नोकरी गेलेल्या माणसाला काही आठवडे सरकारी भत्ता मिळतो. तिथे त्याला बेरोजगारी विमा म्हणतात. पहिला कायदा १९३२ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केला. पुढे महामंदीच्या काळात १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली आणि देशभर ही व्यवस्था उभी राहिली. पैसा मुख्यतः मालकांवरच्या करातून येतो. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या तीनच राज्यांत कामगाराच्या पगारातूनही थोडी रक्कम कापतात. योजना चालवतं राज्य, चौकट आखून देतं केंद्र. त्यामुळे भत्ता प्रत्येक राज्यात वेगळा. मिसिसिपीत आठवड्याला जास्तीत जास्त २३५ डॉलर, तर मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल मर्यादा हजार डॉलरच्या वर. बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळतो, पण फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिनात साधारण १२ आठवड्यांतच हात आखडतो.

नोकरी गेली की माणूस राज्याच्या कार्यालयात अर्ज टाकतो. हे अर्ज आठवड्याला मोजले जातात. शनिवारी आठवडा संपतो, आणि पुढच्या गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता कामगार खातं आकडा जाहीर करतं. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात वाजलेले असतात. एवढ्या लवकर हाती येणारा नोकऱ्यांचा दुसरा सरकारी आकडा तिथे नाही. बेरोजगारीचा दर महिन्यातून एकदा येतो. म्हणून या आकड्याचा एवढा गवगवा.

बातमीत दोन आकडे असतात आणि वाचणारे नेहमी त्यांची गल्लत करतात. पहिला "नवे दावे", म्हणजे त्या आठवड्यात पहिल्यांदा अर्ज केलेले लोक. दुसरा "चालू दावे", म्हणजे आधीच भत्ता घेत असलेले आणि अजून काम न मिळालेले लोक. हा दुसरा आकडा आणखी एक आठवडा जुना असतो. पहिल्यावरून कळतं की किती जणांना काढलं. दुसऱ्यावरून अंदाज येतो की काढलेल्यांना परत काम मिळतंय का. माझ्या मते घरच्यांनी दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं. २०२५ च्या मध्यात असंच झालं. नवे दावे बराच काळ सव्वादोन-अडीच लाखांच्या आसपास होते, म्हणजे मोठी कपात दिसत नव्हती. चालू दावे मात्र साडेएकोणीस लाखांच्या पुढे गेले, २०२१ च्या अखेरीनंतरचे सर्वांत जास्त. कंपन्या माणसं काढत नव्हत्या, तशा नवीन घेतही नव्हत्या. ज्याची नोकरी टिकली त्याचं ठीक. ज्याची गेली त्याला दार उघडं मिळेना.

एका आठवड्याच्या उडीवर मात्र कधीच विसंबू नये. जुलैत मोटार कारखाने नव्या मॉडेलसाठी काही दिवस बंद राहतात, नाताळानंतर दुकानातले हंगामी कामगार मोकळे होतात, शाळांना सुट्टी लागली की बसचालक आणि कँटीनवाले अर्ज करतात. हा चढउतार दरवर्षी ठरलेला असल्याने तो गणिताने वजा करून आकडा छापतात. पण वादळाचं वेळापत्रक नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलेन आणि मिल्टन या चक्रीवादळांमुळे दावे एकदम अडीच लाखांच्या वर गेले आणि थोड्याच आठवड्यांत खाली आले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर आकडा २ लाख ६० हजारांच्या पुढे उडाला. त्यात मोठा वाटा टेक्सासचा होता, आणि तिथे खोट्या अर्जांचे प्रयत्न झाल्याचं राज्याकडूनच सांगण्यात आलं. म्हणून जाणकार चार आठवड्यांची सरासरी पाहतात. समजा ओळीने २ लाख २० हजार, २ लाख २४ हजार, २ लाख ६० हजार आणि २ लाख २४ हजार असे आकडे आले, तर सरासरी २ लाख ३२ हजार. तिसऱ्या आठवड्याच्या आकड्याने घाबरलेल्याला सरासरी सांगते की फारसं काही बिघडलेलं नाही. शिवाय पहिला आकडा पुढच्या गुरुवारी दुरुस्त होतो, आणि ती दुरुस्ती बातमीत क्वचितच येते.

मग खरं संकट कसं दिसतं? २०२० चा मार्च आठवा. त्याआधीचा उच्चांक होता ऑक्टोबर १९८२ मधला, एका आठवड्यात ६ लाख ९५ हजार. कोरोनाची टाळेबंदी सुरू झाली आणि २१ मार्च २०२० ला संपलेल्या आठवड्याचा पहिला जाहीर आकडा आला ३२ लाख ८३ हजार. त्याच्या पुढच्या आठवड्याचा ६६ लाख ४८ हजार. अनेक राज्यांची संगणक यंत्रणा जुनाट, ती कोलमडली. लोक तासन्‌तास फोन धरून बसले होते. त्याच २७ मार्चला झालेल्या कायद्याने भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळू लागले, ते जुलैअखेरपर्यंत. टॅक्सीवाले, घरोघर सामान पोचवणारे, स्वतःचा धंदा करणारे यांनाही पहिल्यांदाच तात्पुरतं आत घेतलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते दार पुन्हा बंद झालं.

एरवी हे लोक या आकड्यात नसतातच. स्वतः राजीनामा दिलेला, शिक्षण संपवून पहिली नोकरी शोधणारा, कागदपत्रं नसलेला स्थलांतरित, कोणीच मोजले जात नाहीत. एच-वन-बी व्हिसावरचा आपला इंजिनियरही बहुतेकदा यात दिसत नाही. कारण भत्त्यासाठी "कुठेही काम करायला मोकळा" असावं लागतं, आणि त्याचा व्हिसा मालकाला बांधलेला. त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात, तेही व्हिसाची मुदत आधी संपत नसेल तर. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, दुसरा दर्जा मागायचा किंवा परत यायचं. म्हणजे गुरुवारचा आकडा कितीही गोड असला तरी त्या घराचं कॅलेंडर वेगळंच चालतं.

कोकणातल्या किती घरांचा खर्च दुबई-शारजाहवर चालतो हे सांगायला नको. तिथे १ जानेवारी २०२३ पासून खासगी आणि केंद्रीय सरकारी नोकरांसाठी असा विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम हप्ता, त्यावर असेल तर १० दिरहम. हप्ता कामगारानेच भरायचा. विमा घेतला नाही तर ४०० दिरहम दंड. नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. इथे "मूळ पगार" हा शब्द नीट वाचा, कारण घरभाडं आणि प्रवासभत्ता त्यात येत नाही. मूळ पगार ३ हजार असेल तर महिन्याला १,८०० दिरहम. सलग १२ महिने हप्ता भरलेला हवा आणि नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत दावा टाकायला हवा. राजीनामा दिला किंवा शिस्तभंगासाठी काढलं तर काही नाही. देश सोडला तरी भत्ता थांबतो. म्हणून "काम गेलं, आता चिपळूणला येतो" असा फोन आला तर तिकीट काढण्याआधी दाव्याचं विचारा. घरकामगारांना मात्र ही योजना लागू नाही.

आपल्या देशात आठवड्याला असा कुठलाही आकडा निघत नाही. सरकारी पाहणीतून बेरोजगारीचा मासिक दर येतो, तोही २०२५ पासून. पण भत्ता अगदीच नाही असं नाही. ज्यांची ईएसआय कापली जाते, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत पगारवाले, त्यांच्यासाठी १ जुलै २०१८ ला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, मार्च २०२० पासून ५० टक्के केले. मिळतात जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो, मालकाच्या सहीसाठी अडून राहावं लागत नाही, थेट ईएसआयच्या शाखेत अर्ज जातो आणि पैसे बँक खात्यात येतात. नोकरीची किमान दोन वर्षं आणि ठराविक दिवसांची वर्गणी ही अट आहे. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, त्यामुळे चालू नियम शाखेतूनच विचारून घ्या.

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पगारातून ईएसआय कापलीच जात नाही. माग बंद पडला की ना अर्ज, ना आकडा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होते. तेव्हा तुमच्या घरातला कोणी अशा ठिकाणी कामाला असेल तर विमा क्रमांक मिळाला आहे का, आणि त्याच्याशी आधार व बँक खातं जोडलेलं आहे का, हे नोकरी चालू असतानाच तपासायला सांगा. नोकरी गेल्यावर मालक फोन उचलेलच असं नाही.