कासवांची झुंज आणि आमचा किनारा



कामगार चळवळीतल्या माणसाने ह्या व्यासपीठावरून जनावरांविषयी बोलावे, ह्याचे संयोजकांनाही थोडे नवल वाटले. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु जनावरांच्या वाटेला आम्ही गेलो ते ह्याच विषयांमुळे. गेली तीस वर्षे मालकांशी वाटाघाटी करताना आम्ही पाहत आलो आहो की हिशेब संपले, कायद्याची कलमे संपली की समोरच्या बाजूचा कोणीतरी खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "अहो, बळी तो कान पिळी, हा निसर्गाचाच नियम आहे. त्याला तुम्ही-आम्ही काय करणार?" आमचे शिक्षण सातवीपर्यंत. प्रथम प्रथम ह्यावर आम्हांला उत्तर सुचत नसे. तेव्हा निसर्गाचा नियम खरोखर काय आहे ते एकदा पाहावे म्हणून वाचनालयातली पुस्तके घरी आणू लागलो.

पुस्तकांत आढळले ते असे. डार्विनचा मुख्य ग्रंथ 1859 सालचा. "जो लायक तो टिकतो" हे सूत्र मात्र त्याचे नव्हे, ते हर्बर्ट स्पेन्सरने 1864 साली काढले, आणि डार्विनने आपल्या ग्रंथाच्या 1869च्या आवृत्तीत ते पत्करले. लायक म्हणजे दांडगा, असे त्यात कोठेही नाही. परिस्थितीशी ज्याचा मेळ बसतो तो लायक. पुढे 1902 साली क्रोपोट्किन ह्या रशियन विचारवंताने 'परस्पर साहाय्य' ह्या विषयावर ग्रंथच लिहिला आणि सैबेरियाच्या थंडीत एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या प्राण्यांचे दाखले दिले. आम्हांला तो ग्रंथ फार आवडला, हे कबूल केले पाहिजे. मात्र आवडलेले पुस्तक जरा जपूनच वाचावे असा आमचा अनुभव आहे. शिवाय सैबेरिया आम्ही पाहिलेला नाही. आपल्या रत्नागिरीच्या पुळणीवर जी झुंज चालते ती पाहिली आहे. म्हणून आज तिच्याविषयीच बोलतो.

ऑलिव्ह रिडले जातीचे समुद्री कासव दोन-अडीच फूट लांब आणि पस्तीस-चाळीस किलो वजनाचे असते. समुद्री कासवांचे कूळ पृथ्वीवर दहा कोटी वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. वाघसिंहांचा तेव्हा पत्ता नव्हता. ह्या प्राण्यापाशी सुळे नाहीत, आणि जमिनीवरच्या कासवाप्रमाणे मान कवचात ओढून घेण्याची सोयही नाही. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री भरतीबरोबर पुळणीवर येते, उधाणाची रेघ ओलांडून वर सरकते, मागच्या पायांनी दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा काढते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नंतर वाळू लोटून अंग डावी-उजवीकडे आपटत ती जागा चोपते, जशी आपल्याकडे बाया जमीन चोपणीने चोपतात तशी, आणि तासाभरात समुद्रात निघून जाते. पिल्लांचे तोंड तिला कधी दिसत नाही.

पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस त्या अंड्यांना वाळूची ऊब हीच आई. पिल्लू नर निपजणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवरच ठरते. वाळू अधिक तापली की माद्या अधिक. ह्या मुदतीत कोल्हे, कुत्रे, रानडुकरे, घोरपडी अंडी उकरतात. पिल्ले बाहेर आली की कुर्ल्या, कावळे, घारी टपलेल्या असतात, आणि पाण्यात मासे. हजारांत एखादेच पिल्लू मोठे होऊन अंडी घालायला परत येत असावे, असा जाणकारांचा अंदाज आहे. एवढी मोठी घट सोसून हे कूळ टिकले ते केवळ संख्येच्या आणि चिकाटीच्या जोरावर.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. आर्ची कार आणि हिर्थ ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1961 साली हिरव्या समुद्री कासवांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाळूत एकेकटे अंडे पुरले तर त्यातले पिल्लू बहुधा वर पोहोचत नाही. पुष्कळ अंडी एकत्र असली तर वरची पिल्ले छताची वाळू पाडतात, बाजूची भिंती खरवडतात, खालची ती वाळू पायांखाली तुडवतात, आणि तळ हळूहळू वर चढत सगळा घोळका बाहेर येतो. कोणी थांबला की खालच्याची वळवळ त्याला पुन्हा हलवते. हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशीच्या गेटसभेत आम्ही हा दाखला ठोकून दिला आणि टाळ्याही मिळवल्या. पुढे विचार करता जाणवले की पिल्लू काही भावासाठी वाळू खरवडत नाही. त्याला स्वतःला बाहेर पडायचे असते. आणि पाण्याला लागल्यावर ज्याचा तो एकटा. तेव्हा आता हा दाखला आम्ही जरा बेतानेच देतो.

कोल्हे आणि घारी होत्या तरी कासवे दहा कोटी वर्षे टिकली. मग गेल्या शंभर वर्षांत असे काय घडले? आमच्या जिल्ह्याच्या लेखी इतिहासात ह्याचे उत्तर शोधू जाल तर फारसे हाती लागत नाही. इंग्रजी अंमलात सरकारचे लक्ष वाघबिबट्यांकडे; मारणाऱ्यास बक्षीस मिळे, म्हणून त्यांची मोजदाद होई. पक्ष्यांना विडाल नावाचा एक सनदी अधिकारी भेटला. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी 1880 साली प्रसिद्ध झाली आणि आपल्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी त्याने बारकाईने पाहिली होती. रात्री येऊन पहाटेपूर्वी जाणाऱ्या कासवीणीची मात्र कोणी वही ठेवली नाही. तिची खबर होती ती पहाटे पुळणीवर चालणाऱ्या गरीब माणसाला.

त्या माणसाबरोबर आम्ही स्वतः चाललेलो आहो, हे सांगण्याची आज लाज वाटते, पण सांगतो. 1980च्या आसपासची गोष्ट. आजोळ गुहागर तालुक्यात. मामाकडे जमीन नव्हती. रापणीला हात लावला तर वाट्याची मासळी, एरवी बागायतदाराकडे मजुरी. थंडीच्या दिवसांत तो भल्या पहाटे आम्हांला उठवी. वाळूत कासवाच्या वल्ह्यासारख्या पायांची दुहेरी नक्षी उमटलेली असे. ती जेथे वळे तेथे मामा एक बारीक काठी खुपसून पाही. काठी भसकन आत गेली की तेथे खड्डा. अंडी पांढरी, गोल, लिंबाएवढी, कवच चामड्यासारखे मऊ. उकडली तरी आतला पांढरा भाग घट्ट होत नाही, आणि ह्याची लहानपणी आम्हांला किळस येई. थोडी घरी ठेवून बाकीची मामी टोपलीत घालून विकावयास नेई. गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव होते. त्याला हात लावून नमस्कार केल्याशिवाय मामा कधी पुढे गेला नाही. दगडी कासव आणि वाळूतले कासव ह्यांचा संबंध त्या घरात कोणी जोडला नव्हता, आम्हीही नाही.

तेव्हा कायदा नव्हता असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालीच झाला होता. परंतु कागदावरचा कायदा आणि पहाटेची पुळण ह्यांमध्ये पोट उभे असते. किमान वेतनाचा कायदाही 1948 सालीच झाला होता. तो कोठवर पोहोचला हे आम्ही तुम्हांस सांगावयास नको.

पारडे फिरले ते मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी. बाणकोट खाडीच्या मुखाशी वसलेले हे गाव नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली काढली. 2002 साली ही मंडळी किनाऱ्यावर समुद्रगरुडाची घरटी मोजत हिंडत होती. विडालचाच पक्षी! वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता कळले की कासवे येतात, पण बहुतेक अंडी माणसे काढून नेतात. तेव्हा गावकऱ्यांना बरोबर घेऊन किनाऱ्यावर जाळीचे कुंपण घातले गेले. रात्री-पहाटे गस्त घालून अंडी शोधायची, ती तशाच खोलीच्या खड्ड्यात कुंपणाच्या आत पुरायची, पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, असा क्रम सुरू झाला. पहिल्याच हंगामात 50च्या आसपास घरटी राखली गेली आणि 2,700हून अधिक पिल्ले पाण्यात गेली.

गस्त कोण घालणार, हा खरा प्रश्न होता. त्या कामाला पदवी उपयोगाची नव्हती. वाळू वाचता येणारा माणूस हवा होता, आणि ती विद्या होती अंडी काढणाऱ्यांपाशी. गावोगाव जे कासवमित्र नेमले गेले त्यांत पूर्वी अंडी काढणारेही काही होते. त्यांना मानधन मिळू लागले. पुढे गावाने कासव महोत्सव भरवायला आरंभ केला. मुंबई-पुण्याची माणसे पिल्ले पाहायला येऊन गावकऱ्यांच्या घरी उतरू लागली, त्यांच्या चुलीवरचे जेवू लागली आणि त्याचे पैसे देऊ लागली. वेळासनंतर केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, तवसाळ, मालगुंड, गावखडी असे करीत हे काम किनारा उतरत गेले आणि वनखात्यानेही ते हाती घेतले. ह्या सगळ्याला लोक जनजागृती म्हणतात. जागृती झाली असेल, आम्ही नाकारीत नाही. पण आमच्या मते मुख्य गोष्ट अशी घडली की ज्याला अंडे काढून पैसे मिळत त्याला ते राखून मिळू लागले. मामाला आमच्या लहानपणी कोणी तशी मजुरी देऊ केली असती, तर तो कोल्ह्यांशी भांडला असता.

वाळूवरची झुंज अशी थोडीबहुत जिंकली तरी पाण्यातली बाकी आहे. कासव श्वासासाठी वर येते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून खाली राहिले की गुदमरते. कासव निसटावे म्हणून जाळ्याला झडप बसवता येते. ती नसलेल्या जाळ्यांतली कोळंबी अमेरिकेने घेऊ नये, ह्यावरून 1990च्या दशकात जागतिक व्यापार संघटनेत मोठा खटला झाला आणि तक्रारदारांत भारतही होता. 2019 साली अमेरिकेने आपल्या समुद्रातली कोळंबी घेणे ह्याच कारणावरून बंद केले.

आमचे काम खलाशांत आहे, म्हणून एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खलाशाने सुरीने जाळे कापून कासव सोडले. बोटीच्या मालकाने जाळ्याची किंमत त्याच्या पगारातून वळती केली. आम्ही भांडलो, निम्मे पैसे परत मिळाले, निम्मे बुडाले. डिसेंबर 2018मध्ये महाराष्ट्रात योजना झाली की संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. योजना उत्तम आहे. मात्र भरपाई जाळ्याची, म्हणजे ज्याचे जाळे त्याला. ज्याने भर समुद्रात सुरी चालवली त्याच्या नावाचा रकाना अर्जात असावा, ही आमची मागणी राहील.

शास्त्रज्ञांनी अलीकडे कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली. जानेवारी 2022मध्ये वेळासच्या मादीला यंत्र बसले आणि तिचे नाव ठेवले प्रथमा. 2023 साली गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेस जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि 27 जानेवारी 2025 रोजी गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालताना सापडली, तिच्या पायाला धातूचा बिल्ला होता, क्रमांक 03233. तो तिला 2021 साली ओडिशात अडकवला होता. तिकडे गहिरमाथ्याला कासवे हजारोंनी एकदम येतात, आपल्याकडे एकेकटी. पूर्वेची कासवे वेगळी, पश्चिमेची वेगळी अशीच आजवर समजूत होती. ह्या बाईने दोन्हीकडे हजेरी लावली.

मामा आता नाही. मामेभाऊ त्याच पुळणीवर कासवमित्र आहे. गेल्या हंगामात आम्ही त्याच्याबरोबर पहाटे चाललो. निसर्ग वादळाने 3 जून 2020 रोजी आमच्या उत्तर भागात घरे आणि सुपारीच्या बागा झोपवल्या, त्याविषयी बोलणे झाले. किनाऱ्याची वाळू दरवर्षी कशी खचते, बंधाऱ्याच्या दगडांपाशी कासवीण येऊन कशी परत फिरते, हेही त्याने दाखवले. मग नक्षी दिसली. त्याने हलक्या हाताने काठी टेकवली, आणि ती आत जाताच गुडघ्यावर बसून हातांनीच वाळू काढू लागला. एकशे बारा अंडी निघाली. बादलीत वाळू घालून त्याने ती एकेक करून ठेवली, आणि वहीत तारीख, वेळ, संख्या लिहिली.

परत येताना आम्ही सवयीने विचारले, "मानधन किती महिने मिळते रे?"

"हंगाम असेपर्यंत."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोण देतो, दादा? पावसाळ्यात लावणीला जातो."