अंगठा कुणाचा, मजकूर कुणाचा?

माझी दादी निरक्षर होती. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून आली की शाई पदराला पुसत म्हणायची, ‘‘अंगठा माझाच आहे रे बाबा, पण वरचा मजकूर कुणाचा?’’ पुढे न्यायालयातल्या ठशांचा इतिहास वाचताना तिचा हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला.

१८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठसे जमवणं सोपं. हजारोंतून हवा तो शोधणं कठीण. त्यासाठी वर्गवारीची पद्धत बसवण्यात पोलीस खात्यातल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र लागलं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं.

त्याच वर्षी जलपायगुडीतल्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पैसे चोरीला गेले होते. कागदांच्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर पुसट तपकिरी डाग. त्यांतला एक अंगठ्याचा निघाला. कलकत्त्याच्या नोंदींत तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. चोरीबद्दल तो पूर्वी शिक्षा भोगून आला होता. डाग रक्ताचे आहेत, असं रासायनिक परीक्षकानंही सांगितलं.

आता फाशी ठरलेलीच, असं आपल्याला वाटेल. पण १८९८ मध्ये न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. पेटीत हात कुणाचा गेला, हे ठशानं सांगितलं होतं. सुरी कुणी चालवली, हे कुणी पाहिलं नव्हतं. ठशालाही ते ठाऊक नव्हतं. कदाचित त्या दिवशी खुनी सुटलाही असेल. तरी पुरावा जिथं थांबला, तिथं न्यायालय थांबलं.

१८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ठशांच्या तज्ज्ञाला जागा मिळाली. पण कायद्यानं त्याच्या बोलण्याला ‘मत’च म्हटलं, निकाल नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते मतच आहे.

आणि मत चुकू शकतं. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. तिथं सापडलेल्या एका पिशवीवरचा ठसा ओरेगॉनमधल्या एका वकिलाचाच आहे, असं अमेरिकेच्या एफबीआयचे तज्ज्ञ ठामपणे सांगत होते. त्याला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. मग स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिलं की ठसा दुसऱ्याच माणसाचा आहे. एफबीआयनं जाहीर माफी मागितली.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. अंगठा खरोखर त्याचाच का? आणि असेल, तर त्यावरून नेमकं काय सिद्ध होतं? पहिला प्रश्न प्रयोगशाळेला विचारावा, पण तिच्या उत्तराचीही उलटतपासणी करावी. दुसरा मात्र न्यायाधीशानं स्वतःलाच विचारायचा असतो.

दादीला सही येत नव्हती. प्रश्न मात्र नेमका विचारता येत होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)