सुई-बदलीची कुळकथा

नशेसाठी सुई टोचून घेणाऱ्यांकडून वापरलेली सुई परत घेऊन त्यांना नवी, निर्जंतुक सुई व सिरिंज मोफत देण्याच्या पद्धतीला सुई-बदली म्हणता येईल. व्यसन सुटेल तेव्हा सुटो, पण तोवर रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांनी माणूस दगावू नये, एवढाच तिचा माफक हेतू असतो.

या पद्धतीचे मूळ सिरिंजच्याच इतिहासात आहे. १८५३ साली एडिंबरोचे डॉ. अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईने त्वचेखाली मॉर्फिन, म्हणजे अफूपासून काढलेले वेदनाशामक, सोडले. अफू पोटात न जाता टोचली गेली तर तिची चटक लागत नाही, ही तेव्हाच्या अनेक डॉक्टरांची समजूत लवकरच खोटी ठरली. पुढे १९८०च्या दशकात त्याच एडिंबरोत पोलीस सुया जप्त करू लागले आणि दुकानांतील विक्रीही आटली, तेव्हा एकेक सुई अनेकांच्या हाती फिरू लागली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या १६४ जणांपैकी ८३ जणांना एचआयव्हीची लागण आढळली. नस सापडली की नाही हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढला जातो, तेव्हा सिरिंजमध्ये रक्त येते आणि सिरिंज रिकामी झाल्यावरही रक्ताचा अंश सुईच्या बुडाशी उरतो, हे त्या फैलावाचे साधे कारण होते.

एकच सुई अनेकांनी वापरण्यावरचा तोडगा त्या पाहणीआधीच व्यसनींच्याच पुढाकारातून आला होता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांच्या संघटनेने कावीळ ब रोखण्यासाठी १९८४ साली नव्या सुयांचे वाटप सुरू केले आणि शहराच्या आरोग्य विभागाने त्यांना सुया पुरवल्या.

महाराष्ट्रात १९८०च्या दशकात पसरलेली ब्राऊन शुगर, म्हणजेच ‘गर्द’, प्रामुख्याने धुरावाटे ओढली जात असे. १९८६ साली पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा भर व्यसन पूर्ण सोडवण्यावर होता. सुई टोचून घेणाऱ्यांना मात्र व्यसन सुटेपर्यंतही संरक्षण हवे होते, आणि १९९५ साली स्थापन झालेली मुंबईची ‘संकल्प’ ही संस्था त्या कामात उतरली. २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सुई-बदलीबरोबरच जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीलाही स्थान मिळाले; ही गोळी अफूवर्गीय नशेची ओढ शमवते, त्यामुळे टोचण्याची गरजच उरत नाही.

वैद्यकीय व्यवहारातही एका सुईचा एकच वापर हा नियम तसा अलीकडचाच आहे. काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरण्याची रीत दवाखान्यांतून दीर्घकाळ चालत होती, तर आज गावोगावच्या लसीकरणात एकदा वापरल्यावर आपोआप अडकणारी सिरिंज वापरली जाते आणि तिची सुई हब कटर नावाच्या यंत्राने जागीच कापली जाते. सुई-बदलीने तोच नियम दवाखान्याबाहेरच्या माणसाला लागू केला.

भारतात सुई-बदलीला कायद्याची मान्यता मात्र बरीच उशिरा आली. एचआयव्ही प्रतिबंधाविषयीच्या २०१७च्या कायद्यातील कलम २२ने संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या उपायांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले. परंतु १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार नशा करणे आजही शिक्षेस पात्र आहे. त्यामुळे वापरलेली सुई जवळ बाळगून केंद्रापर्यंत आणण्याची भीती व्यसनी माणसाच्या मनातून जात नाही, आणि जिच्यावर ही सारी पद्धत उभी आहे ती परत देण्याची क्रियाच सर्वांत अवघड ठरते.