व्हॉलीबॉल : सौम्य खेळाची कठोर वाटचाल

व्हॉलीबॉलला ‘खरा’ मैदानी खेळ मानावे काय, हा वाद क्रीडारसिकांत अधूनमधून रंगत असतो. फुटबॉलपटू सामनाभर धावतो, कबड्डीपटू प्रतिस्पर्ध्याशी झटतो, मल्ल तर मातीत देहाची कसोटी लावतो. व्हॉलीबॉलचा खेळाडू मात्र ९ मीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनात उभा असतो. मध्ये जाळी असल्यामुळे त्याला कोणाशी झुंजावे लागत नाही. एवढ्याशा श्रमाला क्रीडा का म्हणावे, असा आक्षेपकांचा सवाल असतो. आम्हांला हा आक्षेप अगदीच निराधार वाटत नाही. किंबहुना, त्याचे मूळ या खेळाच्या जन्मकथेतच आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होलियोक नावाचे गाव आहे. १८९५ साली तेथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनमध्ये विल्यम मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये, १८९१ साली, जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला होता. तरुणांनी तो डोक्यावर घेतला. पण मॉर्गन यांच्या वर्गात येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना त्यातील धावपळ व धक्काबुक्की झेपेना. तेव्हा मॉर्गन यांनी टेनिसची जाळी घेतली आणि ती ६ फूट ६ इंच उंचीवर बांधली. चेंडू हातांनी हवेतच परतवायचा, असा नियम केला. खेळाडू किती असावेत यावर बंधन नव्हते. या खेळाला त्यांनी ‘मिंटोनेट’ असे नाव दिले होते. १८९६ साली स्प्रिंगफील्ड येथे त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा आल्फ्रेड हॅल्स्टेड यांनी ‘व्हॉलीबॉल’ हे नाव सुचविले.

म्हणजे शरीराला फार श्रम पडू नयेत, हाच या खेळाचा जन्महेतू होता. आक्षेपकांचे म्हणणे १८९५ सालापुरते खरे आहे. परंतु खेळ हा खेळणाऱ्यांच्या हाती गेला की जन्मदात्याच्या हेतूला बांधून राहत नाही.

वाय.एम.सी.ए.च्या कार्यकर्त्यांनी हा खेळ आशियात आणला. १९१६ च्या सुमारास फिलिपीन्समधील खेळाडूंनी एक नवी युक्ती काढली. एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो जाळीपलीकडे जोराने खाली आपटायचा. तेथे या फटक्याला ‘बोम्बा’ म्हणू लागले. आज आपण ज्याला स्मॅश म्हणतो, तो हाच. या एका फटक्याने खेळाचे रूप पालटले. स्मॅश अडवायचा तर पलीकडच्यालाही उडी मारणे आले; तो निसटला तर मागच्याला जमिनीवर झोकून देणे आले. पुढे एका बाजूला ६ खेळाडू ठरले, चेंडू तीन स्पर्शांत परतवण्याचा नियम झाला आणि पुरुषांसाठी जाळीची उंची २.४३ मीटर झाली.

१९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. जपानच्या महिला संघातील बहुतेक खेळाडू निचिबो या कापड कंपनीच्या कर्मचारी होत्या. दिवसभराचे काम आटोपून त्या सरावाला येत आणि पुष्कळदा मध्यरात्र उलटेपर्यंत खेळत. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांनी त्यांना चेंडूसाठी जमिनीवर झेपावून, कोलांटी घेऊन, क्षणात पुन्हा उभे राहण्याचे तंत्र शिकविले. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरविले. मात्र दाइमात्सूंना त्यांच्याच देशात ‘राक्षस’ हे टोपणनाव मिळाले होते, हेही विसरता येत नाही. दमलेल्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी निघालेला खेळ अवघ्या सत्तर वर्षांत ‘हा सराव निर्दय तर नव्हे?’ असा प्रश्न विचारायला लावू लागला.

आपल्या देशाचेही उदाहरण आहे. केरळमधील पेरावूर येथे १९५५ साली जन्मलेले जिमी जॉर्ज यांना १९७६ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ते इटलीत व्यावसायिक खेळाडू म्हणून नावाजले. उडी घेतल्यावर ते क्षणभर हवेतच थांबल्यासारखे भासत, असे त्यांना पाहिलेले लोक सांगत. १९८६ च्या सोल आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळविले, त्या संघात ते होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, इटलीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

व्हॉलीबॉलपटूचे श्रम वेगळ्या जातीचे असतात, एवढेच. तो मैलोन्‌मैल धावत नाही. पण पूर्ण ताकदीची उडी त्याला सामन्यात पुन्हा पुन्हा मारावी लागते, आणि प्रत्येक उडीनंतर देहाचा भार गुडघ्यांवर येतो. या खेळाडूंच्या गुडघ्यांची व खांद्यांची दुखणी डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहेत. शिवाय चेंडू धरून ठेवण्याची मुभा नसल्याने विचार करायला उसंत मिळत नाही.

असे असले तरी केवळ घाम मोजून खेळाची पात्रता ठरवावी, हे आम्हांला मान्य नाही. १९५६ साली नेदरलँड्समध्ये बैठा व्हॉलीबॉल सुरू झाला आणि १९८० पासून तो पॅरालिंपिकमध्ये खेळला जातो. पुरुषांसाठी जाळी १.१५ मीटर उंचीवर असते आणि खेळाडू जमिनीवर बसूनच हातांच्या बळावर सरकत खेळतात. तेथे उडी नाही. पण कौशल्य, जिद्द आणि सहकाऱ्याला चेंडू नेमका उचलून देण्याची जबाबदारी तीच आहे.

म्हणून वाचकहो, हा वाद आपल्या घरात निघाला तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘हा काही खरा खेळ नव्हे’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्याचा घाव बहुधा मुलींवर, वयस्कांवर आणि अपंगांवर पडतो. जाळीची उंची बदलून या सर्वांना मैदानात घेता येते, आणि त्याच जाळीपाशी ऑलिंपिकवीरांचीही परीक्षा होते. एवढी सामावून घेण्याची शक्ती ज्या खेळात आहे, त्याला खेळ म्हणण्यास आम्हांला तरी कोणताच संकोच वाटत नाही.