हवेची शक्ती आणि झडपेचा अधिकार

मये गावच्या देवळात भजनाला पेटीची साथ करणारा वादक दोन हातांनी दोन निरनिराळी कामे करीत असतो. एक हात भाता हलवून वारा पुरवितो. दुसरा हात पट्ट्या दाबून त्या वाऱ्याने कोणत्या स्वराच्या वाटेने जावे हे ठरवितो. वायुयंत्रांचा इतिहास या विभागणीतच सामावलेला आहे, असे माझे मत आहे.

पहिला हात यंत्राकडे सोपविणे तुलनेने सोपे गेले. दुसऱ्यासाठी अधिक विचार करावा लागला. इंग्लंडमध्ये १७१२ साली टॉमस न्यूकोमेनने उभारलेल्या यंत्रात वाफ थिजवून पोकळी निर्माण करीत आणि बाहेरील हवेचा दाब दट्ट्या खाली ढकलीत असे. हम्फ्री पॉटर नावाच्या कंटाळलेल्या मुलाने त्या यंत्राच्या तोट्या दोरीने तुळईला बांधून आपली सुटका करून घेतली, ही कथा पुष्कळ गाजली. तिच्या सत्यतेविषयी शंका आहे. तुळईला दांडा टांगून यंत्राकडूनच तोट्या उघडविण्याचे श्रेय पुष्कळदा हेन्री बेटनला दिले जाते.

हाच क्रम पुढे खेळण्यात पुन्हा घडला. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आपल्या विटेचे एकस्व १९५८ साली मागितले. १९८४ साली तिच्या यंत्रप्रतिकृतींत हवेचा पंप, नळ्या, दट्ट्या आणि झडप आली. १९९२ च्या एका संचात विजेची मोटर पंप चालवू लागली, तरी झडपेची दांडी मुलाच्याच बोटाखाली राहिली. तीही मोटरकडे द्यावी, असे हौशी रचनाकारांना वाटले. अडचण अशी की मोटर गोल फिरत राहते आणि दांडी मर्यादित कोनातच हलते : एका टोकाला हवा दट्ट्याच्या पुढे, दुसऱ्या टोकाला मागे, मध्ये वाट बंद. फिरत्या चाकाच्या कडेला जोडदांडा बसविला की गोल गतीची ये-जा होते व काम भागते. याहून चतुर युक्ती म्हणजे पहिल्या दट्ट्याने दुसऱ्याची झडप ढकलावी आणि दुसऱ्याने पहिल्याची. मग हवा मिळेतो यंत्र आपले आपण चालते!

डिचोली तालुक्याला हे सारे परके नाही. खनिजवाहू ट्रकच्या ब्रेकला हवा पुरविते ते इंजिन. चालकाचा पाय केवळ झडप उघडतो. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, ट्रक उभे राहिले आणि नळीची गळती नुसत्या आवाजावरून ओळखणारे कानही बेकार झाले. पैशाच्या हानीचे हिशेब झाले. या जाणतेपणाच्या हानीचा हिशेब कोणी मांडला नाही, याची मला खंत वाटते.

आता राज्यातील शाळांत रोबोटिक्सचे शिक्षण आले आहे. ते यावे, परंतु बटण दाबले की हलणाऱ्या तयार संचापेक्षा विज्ञान प्रदर्शनातील सिरिंजा व सलाईनच्या नळीचा जेसीबी मला अधिक मोलाचा वाटतो. मुले त्यात पाणी भरतात. विद्यार्थी मित्रहो, एकदा हवा भरून पाहा. हवा आधी स्वतः दबते, मग ढकलते. म्हणून जेसीबीचा हात क्षणभर अडखळतो आणि एकदम उसळतो. त्या सिरिंजेला छोटी मोटर जोडलीत, की दट्ट्या टोकाला पोहोचल्यावर तिला थांबवावे कोणी, हा बेटनचाच प्रश्न तुमच्यापुढे येईल.