तारापोर, अर्देशिर बुर्झोरजी

तारापोर, अर्देशिर बुर्झोरजी : (१८ ऑगस्ट १९२३ – १६ सप्टेंबर १९६५). भारतीय चिलखती दलातील सेनानी, ‘पुना हॉर्स’ या रिसाल्याचे प्रमुख आणि परमवीरचक्राचे मानकरी. निकटवर्तीयांत ते ‘आदी’ या नावाने ओळखले जात. जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांना शंभर गावे इनाम मिळाली, त्यांतील प्रमुख गाव तारापूर, अशी घराण्यातील परंपरा सांगते. पुढे आजोबा हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेले.

सातव्या वर्षी अर्देशिर यांना पुण्याच्या सरदार दस्तूर मुलांच्या वसतिशाळेत घालण्यात आले. अभ्यासात ते बेताचेच होते. मैदानावर मात्र पुढे असत. मुष्टियुद्ध, पोहणे आणि टेनिस यांत त्यांनी चमक दाखवली. १९४० मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा शाळेचे कप्तान होते.

१९४२ मध्ये हैदराबाद संस्थानच्या सातव्या पायदळ पलटणीत ते अधिकारी म्हणून रुजू झाले. त्यांचे मन मात्र पायदळात रमत नव्हते. त्यांना चिलखती दलात जायचे होते. ही संधी एका अपघातातून आली. हातबाँब फेकण्याच्या सरावात एका नवशिक्याचा नेम चुकला आणि बाँब खंदकातच पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलला व बाहेर भिरकावला. तो हवेत फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. हा प्रकार संस्थानचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांच्या डोळ्यांदेखत घडला. त्यांनी कौतुकासाठी बोलावले, तेव्हा तारापोरांनी बदलीची विनंती केली. ती मान्य होऊन ते पहिल्या हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात ते पश्चिम आशियाच्या आघाडीवर होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५१ मध्ये त्यांची नेमणूक पुना हॉर्समध्ये झाली. सेंचुरियन रणगाड्यांचे प्रशिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले.

रिसाल्याची परंपरा : पुना हॉर्सचे मूळ पुण्यात आहे. जून १८१७ च्या पुणे तहानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने इंग्रजांनी जे घोडदळ उभे केले, त्यातून हा रिसाला आकाराला आला. त्याची भरती शिलेदारी पद्धतीची होती. मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. हीच रीत इंग्रजांनी उचलली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील फेस्तुबेरजवळ दाखवलेल्या शौर्याबद्दल या रिसाल्याचे लेफ्टनंट फ्रँक डी पास यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे गेले आणि यंत्रे आली, पण शब्द तेच राहिले. रणगाड्यातील शिपाई आजही ‘सवार’ असतो आणि त्याच्यावर दफेदार व रिसालदार असतात.

१९६५ चे युद्ध : सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर भारताच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने पाकिस्तानची सीमा ओलांडली. पुना हॉर्सचे प्रमुख या वेळी लेफ्टनंट कर्नल तारापोर होते. ११ सप्टेंबरला फिल्लोरावर चाल करीत असता वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला केला. तारापोरांनी तो थोपवून धरला आणि एका स्क्वाड्रनसह फिल्लोरावर हल्ला चढवला. ते जखमी झाले, तरी त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली घेतले. १६ तारखेला जस्सोरान व बुत्तूर-डोग्रांडी ही ठाणी काबीज केली. चाविंड्यावर मागून हल्ला करणाऱ्या पायदळाला आधार मिळावा म्हणून ती धरून ठेवणे आवश्यक होते. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, पण जागा सुटली नाही. याच दिवशी त्यांना वीरमरण आले. सन्मानपत्रानुसार या सहा दिवसांत रिसाल्याने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले; स्वतःचे नऊ गमावले.

आपल्याला मरण आले तर रणभूमीवरच अग्नी द्यावा, असे त्यांनी सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. पारशी अंत्यविधीत दख्म्याची, म्हणजे मृतदेह उघड्या मनोऱ्यात ठेवण्याची, प्रथा असताना त्यांनी हा अग्निसंस्कार निवडला, आणि रिसाल्याने त्यांची इच्छा पाळली. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. आजवरच्या एकवीस परमवीरांत लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचे ते एकमेव होत.

पुढील युद्धात, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत याच रिसाल्याचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आले व परमवीरचक्र मिळाले. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. तारापोर शिकले त्या पुण्याच्या लष्कर भागातील एका रस्त्याला कर्नल तारापोर यांचे नाव आहे.