गडकरी (कोल्हापूर संस्थान)

किल्ल्यावर वंशपरंपरेने राहून त्याची राखण करणारा वर्ग. मोबदला रोख पगारापेक्षा जमिनीत. ती कसायची आणि गड सांभाळायचा, हा पिढीजात करार. शिवकालीन पद्धतीत एका माणसाच्या हाती गड नसे: हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, तर घेऱ्यातल्या मेटांवर (चौक्यांवर) रामोशी, महार, मांग, बेरड. जातींची ही वाटणी समतेसाठी नव्हे, फितुरी टाळण्यासाठी होती.

जपानी सामुराईंशी तुलना मोह पाडते, पण त्यांचे वेतन तांदळाच्या मापात ठरे. गडकऱ्याच्या हाताला नांगराचेही घट्टे असत. म्हणूनच इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात या जमिनी मामलेदारांकडे गेल्या, तेव्हा घाव वर्मी बसला. राजा अल्पवयीन होता. जुलै 1844 मध्ये सामानगड व भुदरगडाच्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती लागून पन्हाळ्यावर कैदेत पडले. ऑक्टोबरात सामानगड, डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा पडला.

पुढे किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. पन्हाळ्याचा तीन दरवाजा कोरीवकामासह शाबूत आहे. चार दरवाजाचे मात्र अवशेषच उरले आहेत, आणि पर्यटकांच्या गाड्या त्यांच्या शेजारूनच गडावर चढतात.